बारीकरावांचा ठिपका

बारीकराव अंगाने बारीक नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते लिफ्टमध्ये शिरले की आतली माणसं आपोआप पोट आत घ्यायची. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या बघण्यावरून. ते रंगाच्या कारखान्यात छटा तपासायचे. या डब्यातला पांढरा आणि त्या डब्यातला पांढरा यांचं सख्खं नातं आहे की नुसती तोंडओळख, हे ते झाकण उघडताक्षणी सांगायचे. आणि ही नजर कारखान्याच्या फाटकाशी काढून ठेवून घरी येतील तर ते बारीकराव कसले! कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की भिंतीवरून हात फिरवून म्हणायचे, "दुसरा हात घाईत मारलाय." त्या घरून पुन्हा चहाचं बोलावणं येत नसे. बारीकराव त्याचाही अर्थ असा लावायचे, की बिचाऱ्यांनी भिंत अजून दुरुस्त केलेली दिसत नाही.

तर अशा या माणसाने एका दुपारी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये फक्त मान हलवली, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका मान हलवण्यातून झाला.

मोठे साहेब त्या दिवशी खुशीत होते. रंगाविषयी बोलायचं सोडून ते 'शीड आणि नांगर' या मालिकेविषयी बोलत होते. शंभरेक वर्षांपूर्वीचं एक जहाजमालकांचं घराणं, मोठी कोठी, एक बुडालेलं जहाज आणि जेवणाच्या टेबलाभोवती एकमेकांशी न बोलता बोलणारी माणसं, असं त्या मालिकेचं स्वरूप होतं.

"तुम्ही बघितली की नाही, बारीकराव?"

बारीकरावांनी मान हलवली. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. मालिका चालू असताना ते त्याच खोलीत होते. पहिले काही भाग ते नांगरणी कधी सुरू होते याची वाट बघत बसले. हा नांगर शेतातला नसून जहाजाचा आहे, हे लक्षात येईपर्यंत त्यांचा डोळा लागला आणि तो उघडला थेट शेवटच्या भागात, कुणीतरी खिडकी आपटल्यावर.

"मग? कशी वाटली?"

मान हलवलेल्या माणसाने इथे "छान" म्हणून बाहेर पडावं. पण बारीकरावांना आपली नजर आडवी आली. ज्या गोष्टीबद्दल सगळे "छान" म्हणतात, तिच्याबद्दल आपणही "छान" म्हणायचं म्हणजे इतकी वर्षं डोळे कशाला झिजवले?

"साहेब," ते म्हणाले, "ती मालिका एकदा बघून कळतच नाही. थर आहेत तिला. अस्तर, पहिला हात, दुसरा हात. दुसऱ्यांदा बघितली की मग खरी दिसायला लागते."

हे वाक्य कुठून आलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"वा! हेच मी घरी सांगतो, तर कुणी ऐकत नाही. बारीकराव, या वर्षीच्या कौटुंबिक संमेलनात तुम्ही बोलायचं. मालिकेतले तुकडे दाखवायचे पडद्यावर आणि थर उलगडून सांगायचे. दरवर्षी तो जादूगार येऊन माझ्याच खिशातून रुमाल काढतो, कंटाळा आला आता." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि विभागप्रमुखांची खुर्ची रिकामी होतेय हे तुम्हाला माहीत आहेच. तिथे नजर असलेला माणूस हवा."

बारीकरावांनी पुन्हा मान हलवली.

घरी येऊन त्यांनी बूट काढायच्या आधी टीव्ही लावला. पडद्यावर 'हे खाते बंद आहे' अशी अक्षरं उमटली.

"ते खातं माझ्या भावाचं होतं," बायको आतून म्हणाली. "त्याने पासवर्ड बदलला."

"का?"

"तुम्ही त्याच्या हॉलचा नवा रंग बघून काय म्हणालात ते आठवा."

बारीकरावांना आठवलं. 'तापातून उठलेल्या माणसाच्या जिभेसारखा' असं ते म्हणाले होते. त्यांच्या मते ते छटेचं वर्णन होतं, टीका नव्हती. पण मेहुण्याला शास्त्रीय भाषेची सवय नव्हती.

मग स्वतःचं खातं काढायचं ठरलं. यात अडचण अशी निघाली, की बारीकरावांचा मोबाइल नंबर मालिका दाखवणाऱ्या कंपनीच्या दप्तरी मेहुण्याच्या खात्याला आधीच चिकटवलेला होता. एका नंबरावर एकच खातं. बारीकरावांनी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई वाजली. मग एक मुलगी आली.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे. आपण टीव्ही बंद करून पुन्हा चालू केलात का?"

"टीव्ही चालूच आहे. खातं बंद आहे."

"मग खातं बंद करून पुन्हा चालू करा."

"अहो, बंदच आहे ते! आणि ते माझं नाही, माझ्या मेहुण्याचं आहे."

"मग मेहुण्यांशी बोलावं लागेल सर. आपण आपल्या मेहुण्यांच्या सेवेने समाधानी आहात का?"

हा शेवटचा प्रश्न तिच्या पाठांतरातला असावा. पण बारीकरावांनी त्याचं उत्तर इतकं सविस्तर दिलं, की समोरून फोन बंद झाला. शेवटी मेहुण्याला फोन करावाच लागला. मेहुण्याने नंबर मोकळा करायचं कबूल केलं. मात्र आधी बारीकरावांकडून "तो रंग तसा उठावदार आहे" हे वाक्य स्पीकरवर टाकून घरातल्या सगळ्यांना ऐकवलं. बारीकरावांनी ते डोळे मिटून म्हटलं.

तिकडे कारखान्यातही अडथळे उभे राहिले. भाषणाचा मजकूर कर्मचारी विभागाने आधी बघायला हवा होता. त्यांनी तो सुरक्षा विभागाकडे पाठवला, कारण मालिकेत दिवे आणि मेणबत्त्या होत्या आणि कारखान्यात ज्वालाग्राही माल होता. मेणबत्त्या पडद्यावर आहेत, टेबलावर नाहीत, हे समजावताना बारीकरावांचा घसा बसला. शेवटी 'दृश्यातील ज्योतींपासून प्रेक्षक सुरक्षित अंतरावर बसतील' या अटीवर परवानगी मिळाली.

आता फक्त मालिका बघायची राहिली.

बारीकराव बघायला बसले ते प्रयोगशाळेत बसावं तसे. पडदे ओढले, चष्मा पुसला, हातात रिमोट आणि मांडीवर रंगांच्या छटांची पट्टी. बायकोला त्यांनी नियम घालून दिला, "मालिका चालू असताना बोलायचं नाही. शंका असली तर हात वर करायचा, भाग संपल्यावर बोलू." बायको टोपलीतले कपडे घड्या घालायला घेऊन बसली. तिला मनापासून मालिका बघायची होती. पहिल्या वेळी तिने ती नवऱ्याच्या घोरण्यातून ऐकली होती.

पण बारीकराव मालिका पुढे जाऊच देईनात. मालक दारातून आत आले की थांबव. मागे घे. दाराची मूठ डावीकडे का? पुन्हा थांबव. मालक टेबलावरचं घड्याळ उचलून कानाशी नेतात. थांबव, मागे घे. "बघितलंस? घड्याळ! काळ! माणूस काळाची चाहूल घेतोय!" नायिका एक जिना चढायला संध्याकाळभर लावायची. चढून गेली की बारीकराव तिला परत खाली आणायचे.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे वकील आधी खाली आले, कारण एकच संवाद पुन्हापुन्हा ऐकून त्यांना वाटलं घरात भांडण चाललंय आणि त्यांची गरज पडेल. प्रकार कळल्यावर ते सोफ्यावर ठाण मांडून बसले.

"बारीकराव, जहाज बुडल्याचा फायदा कुणाला झाला ते बघा," ते म्हणाले. "बाकी सगळी सजावट."

समोरच्या दारातल्या निवृत्त हेडमास्तरीणबाईंचं मत वेगळं पडलं. त्यांनी हयातभर इतिहास शिकवला होता. "फायदा-तोटा सोडा. आधी ती बटणं बघा. त्या काळात अशी बटणं होती का? बटणच खोटं असेल तर माणूस खरा कसा असेल?"

दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण बारीकरावांना सल्ला देण्यात दोघांची चुरस लागली. रोज संध्याकाळी दोघे हजर. चहा बायकोने करायचा, आणि कपबशीचा आवाज होऊ न देता आणून ठेवायचा.

आणि अशाच एका संध्याकाळी बारीकरावांना ठिपका दिसला.

कोठीच्या दिवाणखान्यात थोरले मालक मधोमध उंच खुर्चीत बसले होते. मधली सून येऊन आपल्याला डावीकडे दिसेल अशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी कुणालाच काही सांगितलं नाही." आणि तिच्या गालावर एक लहानसा, गडद ठिपका होता.

बारीकरावांनी मालिका थांबवली. पुढे नेली. सून खुर्चीकडून सरकून खिडकीत गेली, तर गाल स्वच्छ! पुन्हा खुर्चीजवळ आली, तर ठिपका हजर.

"ती खोटं बोलतेय," बारीकराव हळूच म्हणाले. "दिग्दर्शकाने खूण ठेवलीय. जो खोटं बोलतो त्याच्यावर ठिपका!"

मग शोध सुरू झाला. मुनीम त्या जागी उभा राहिला, त्याच्या कपाळावर ठिपका. जहाजाचा कप्तान उभा राहिला, त्याच्या मिशीत ठिपका. धाकटा मुलगा बिचारा नुसता "जेवण तयार आहे" म्हणाला, तर त्याच्या नाकावर ठिपका; म्हणजे जेवण तयार नव्हतं! एका प्रसंगात माणूसच नव्हता, नुसता समुद्र आणि आकाश होतं, तरी ठिपका होताच.

"आकाशसुद्धा?" हेडमास्तरीणबाईंनी विचारलं.

"वादळ येणार आहे आणि वरून निरभ्र दिसतंय," बारीकराव म्हणाले. "निसर्गसुद्धा खोटं बोलतोय, बाई."

वकिलांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात पुरावा!" शेवटी नावांची पाटी आली, तेव्हा ठिपका लेखकाच्या आडनावावर पडला. असा लेखक पूर्वी झाला नाही, यावर हेडमास्तरीणबाई आणि वकील यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

बारीकरावांनी छटांची पट्टी पडद्याशी धरून ठिपक्याचा रंग जुळवला. 'ओला कोळसा'शी तो तंतोतंत जुळला. आणि गंमत अशी, की उन्हातल्या दृश्यातही 'ओला कोळसा', समईसारख्या मंद उजेडातही 'ओला कोळसा'. वास्तविक उजेड बदलला की रंग बदलतो, हे सांगण्याचाच बारीकराव पगार घेत होते. कारखान्यात कुणी असा न बदलणारा रंग आणून दाखवला असता तर त्यांनी त्याला दारातून परत पाठवलं असतं. पण इथे ते म्हणाले, "काय हुकूमत आहे बघा प्रकाशावर!"

या काळात बायकोने अनेकदा हात वर केला. एकदा तर हातात उशीचा अभ्रा होता, तोही वर गेला. बारीकराव बोटाने 'नंतर' अशी खूण करायचे. भाग संपला की वकील बोलायला लागायचे, वकील थांबले की हेडमास्तरीणबाई. त्यांचं आवरेपर्यंत बायको स्वयंपाकघरात गेलेली असायची. पुढे पुढे तिने हात वर करणं सोडून दिलं.

संमेलनाच्या दिवशी कारखान्याचं उपाहारगृह खच्चून भरलं. पुढच्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या बाजूला त्यांच्या पत्नी, मग खातेप्रमुख, मागे कामगार आणि त्यांची बायकामुलं. बारीकरावांची बायको मागे खिडकीपाशी बसली होती. प्रशिक्षण विभागाने भला मोठा पांढरा पडदा लावला होता. त्याच्या पांढऱ्यात किंचित पिवळी झाक आहे हे बारीकरावांच्या लक्षात आलं, पण आजच्या दिवशी त्यांनी पडद्याला माफ केलं.

सुरुवात उत्तम झाली. त्यांनी दाराच्या मुठीबद्दल सांगितलं, माणसं हसली. घड्याळ आणि काळाबद्दल सांगितलं, माणसं गंभीर झाली. साहेब मागे वळून आपल्या खातेप्रमुखांकडे 'हा माणूस मी शोधला' अशा नजरेने बघत होते. विभागप्रमुखांची खुर्ची बारीकरावांना जवळजवळ बुडाखाली जाणवायला लागली.

"आणि आता," त्यांनी आवाज खाली आणला, "ज्यासाठी मी तुम्हाला इथे बसवून ठेवलंय ते. एकदा बघणाऱ्याला जे जन्मात दिसणार नाही ते." त्यांनी दिवाणखान्यातला तुकडा लावला. सून खुर्चीजवळ आली. बारीकरावांनी चित्र थांबवलं आणि काठी तिच्या गालावर टेकवली. "हा ठिपका बघा!"

गाल लोण्यासारखा स्वच्छ होता.

बारीकरावांनी काठी काढून पाहिलं. काठीखाली काही नव्हतं. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की सुनेचं नाक त्यांच्या शर्टावर उमटलं. त्यांनी चष्मा पुसला. मग गाल पुसला, म्हणजे पडदा. कप्तानाचा तुकडा लावला. मिशी होती, ठिपका नव्हता. आकाश लावलं. आकाश निर्मळ!

उपाहारगृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. बारीकरावांच्या कानामागून घामाचा एक थेंब निघाला आणि सावकाश कॉलरमध्ये शिरला. ही शांतता साहेबांना सहन झाली नाही. माणूस त्यांनी शोधलेला होता.

"दिसला!" साहेब म्हणाले. "अप्रतिम! किती सूक्ष्म आहे!"

त्यासरशी सगळ्या हॉलला दिसायला लागलं. हिशेब विभागाच्या प्रमुखांना तो हनुवटीजवळ दिसला. विक्री विभागाचं म्हणणं पडलं, की हनुवटीच्या जरा वर, कानाकडे. सुरक्षा अधिकाऱ्यांना तो पहिल्यापासून दिसत होता, पण मध्ये बोलणं त्यांना प्रशस्त वाटलं नव्हतं. खरेदी विभागातला एकजण उठून म्हणाला, "मला तर दोन दिसतायत साहेब. एक मोठा आणि एक त्याच्या मागे लपलेला." यावर टाळ्या पडल्या. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनाही हेवा वाटला असता अशा आवेशात लोक ठिपक्याच्या जागेवरून एकमेकांशी वाद घालू लागले.

बारीकरावांच्या जिवात जीव आला. स्वतःला दिसत नसलेला ठिपका सगळ्यांना दिसतोय, हे त्यांना विचित्र वाटलं खरं, पण बुडत्या माणसाने होडीचा रंग तपासू नये, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं. ते रुंद हसले. "कुणाला काही शंका?"

मागे खिडकीपाशी एक हात वर झाला. सगळा हॉल वळून बघायला लागला. आता 'नंतर' म्हणायची सोय नव्हती.

"विचार," बारीकराव म्हणाले.

"शंका नाही," बायको उभी राहून म्हणाली. "तो डाग आपल्या टीव्हीवर आहे. मी रोज पुसते, जात नाही. आतून पडलाय."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग कामगारांच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू मागून पुढे असं येत गेलं की पहिल्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर त्याचा गडगडाट झाला होता. साहेबांच्या पत्नी तर डोळे पुसत होत्या. फक्त साहेब हसत नव्हते. आपण नुकतंच काय 'अप्रतिम' म्हटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर एकेका अक्षराने उमटत होतं. बारीकरावांनी तो रंग ओळखला. तो कारखान्याच्या कुठल्याच पट्टीत नव्हता.

त्या दिवशी घरी येताना बारीकराव बायकोच्या चार पावलं पुढे चालत राहिले. दारात आल्यावर म्हणाले, "आधी सांगता आलं नाही?"

"हात वर करत होते की," बायको म्हणाली. "बोलायचं नाही म्हणाला होतात."

बारीकराव आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. भिंतीचा दुसरा हात त्यांनी स्वतः मारून घेतला होता. निदान तो तरी निर्दोष होता.

पुढचे दिवस फार वाईट गेले. विभागप्रमुखाची जागा खरेदी विभागातल्या त्या माणसाला मिळाली, ज्याला दोन ठिपके दिसले होते. 'नजर असलेला माणूस' अशी त्याची फलकावर स्तुती झाली. कारखान्यात कुणी बारीकरावांकडे डबा घेऊन आलं की आधी विचारायचं, "डाग डब्यावर आहे की चष्म्यावर?" टीव्ही दुरुस्त करणारा येऊन पडद्यावर टिचकी मारून गेला. नवा पडदा घालण्यापेक्षा नवा टीव्ही स्वस्त पडेल असं त्याचं म्हणणं पडलं. वकिलांनी टीव्हीच्या कंपनीवर मानहानीचा दावा लावायला सुचवलं. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण बटणांकडे लक्ष होतं ना माझं." मग दोघांनीही यायचं बंद केलं. बारीकरावांना त्याचंही वाईट वाटलं. मेहुण्याचा मात्र आवर्जून फोन आला, आणि त्याने 'ओला कोळसा' ही छटा दुसऱ्या खोलीसाठी कशी दिसेल हे विचारलं.

मग एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बायकोने टीव्ही लावला. बारीकराव वर्तमानपत्र उघडून पडद्याकडे पाठ फिरवून बसले.

"काय लावतेस?"

"'शीड आणि नांगर'. पहिल्या भागापासून. मला अजून गोष्टच कळलेली नाही. आधी तुम्ही घोरत होतात, मग तुम्ही मागे-पुढे करत होतात. शेवटी ते जहाज बुडालं कसं?"

"तोच डागाळलेला टीव्ही आहे," बारीकराव कडवटपणे म्हणाले.

"असू दे. मी काही डाग बघत नाही. माणसं बघते."

मालिका सुरू झाली आणि कुणीही न अडवता चालू राहिली. नायिका एका दमात जिना चढून गेली. बारीकरावांची पाठ होती तरी कान होते. हळूहळू वर्तमानपत्र खाली आलं, खुर्ची थोडी तिरकी झाली, मग जास्त तिरकी झाली. जहाज निघायच्या सकाळचा प्रसंग आला. कप्तान मालकांच्या खुर्चीजवळ येऊन म्हणाला, "वारा फिरलाय मालक. पण माल वेळेत पोचवायचा तर आजच निघायला हवं. सोडू का जहाज?" मालकांनी मान हलवली. जहाज सुटलं. त्यात मालकांचा मोठा मुलगा होता.

मुलगा बुडाल्यावर सगळं घर म्हाताऱ्यावर उलटलं. वादळ येतंय हे माहीत असून पैशासाठी पोराला पाठवला म्हणून थोरल्या सुनेने त्यांच्यासमोर जेवणं सोडलं. म्हातारा एका शब्दाने आपली बाजू सांगेना.

बायकोने डोळ्यांना पदर लावला. "नातीशी मात्र किती बोलतात बघा. तिला गोष्टी सांगतात, तिची थट्टा करतात. आणि बाकीच्यांशी नुसती मान. असा कसा हा माणूस?"

"नात ठिपक्यात येत नाही," बारीकराव म्हणाले.

"पुन्हा ठिपका?"

"नाही गं, तसं नाही..." बारीकराव थांबले. इतक्या वेळा थांबवून, मागे घेऊन, पुढे नेऊन पाहिलेले सगळे प्रसंग त्यांच्या डोळ्यांपुढून जायला लागले. "नात नेहमी त्या बाजूला बसते. आपल्या उजव्या हाताला. ठिपका डावीकडे. आणि जो ठिपक्यात उभा राहून बोलतो ना, सून, मुनीम, कप्तान, तो धाकटा 'जेवण तयार आहे' म्हणणारा, त्यांना म्हातारा कधीच उत्तर देत नाही. कधीच नाही. नुसती मान हलवतो."

बायकोने डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. "म्हणजे त्या बाजूचा कान..."

"गेलाय!" बारीकराव उभे राहिले. "अगं, म्हणून घड्याळ कानाशी नेतो! काळाची चाहूल कसली, टिकटिक ऐकू येते का बघतोय तो! आधी या कानाला लावतो, मग त्या कानाला लावतो, आणि मग गुपचूप ठेवून देतो."

"म्हणजे कप्तान काय म्हणाला ते..."

"ऐकूच आलं नव्हतं त्याला. आणि 'ऐकू आलं नाही' हे सांगायची लाज वाटली."

पडद्यावर म्हातारा एकटाच लांबलचक टेबलापाशी जेवत होता. त्याच्या ताटाच्या कडेवर डाग पडला होता, तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

"मागे घ्या," बायको म्हणाली.

"काय?"

"मागे घ्या हो! कप्तान येतो तिथे. मला नीट बघायचंय. द्या तो रिमोट इकडे, तुम्हाला भलतीकडे थांबवायची सवय आहे."

तिने मालिका बरोबर त्या सकाळवर आणून ठेवली. दिवाणखाना. उंच खुर्ची. कप्तान आला, नको त्याच बाजूला उभा राहिला आणि बोलायला लागला. म्हाताऱ्याच्या कपाळावर, एरवी दिसलीही नसती अशी, एक बारीकशी आठी पडली. शब्द पकडायची धडपड होती ती. ऐकणारा माणूस असा बघत नाही. ऐकू न आलेला माणूस तसा बघतो. मग ती आठी त्याने पुसून टाकली, चेहऱ्यावर मालकाचा रुबाब आणला, आणि मान हलायच्या बेतात आली.

हा चेहरा बारीकरावांनी कुठल्याशा केबिनमध्ये आतून अनुभवला होता. त्यांना राहवलं नाही. ते खुर्ची मागे लोटून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले, "अहो, मान हलवू नका! ऐकू आलं नाही म्हणून सांगा! पुन्हा विचारा त्याला!"

"सरका बघू मधून," बायको म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "आणि ओरडून काय उपयोग? ऐकू येत नाहीये त्यांना."